एफएम-१० नंतर कोणता कॅमेरा? वापरलेली फिल्म बॉडी निवडण्याविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे निकॉनचा एफएम-१० आणि त्याच्यासोबत आलेली ३५-७० मिमी झूम लेन्स आहे. आपण मुख्यतः कृष्णधवल फिल्मवर कोकणातला शिमगा, पालख्या आणि जत्रांमधले रात्रीचे दशावतारी प्रयोग टिपता. आपल्याला चष्मा आहे, भावाकडे डिजिटल निकॉनच्या काही लेन्स आहेत, आणि आता एफएम-२, एफई-२, एफ-३ किंवा एफ-१०० यांपैकी एखादी वापरलेली बॉडी (लेन्सविना कॅमेरा) घ्यावी असे आपल्या मनात आहे. माझे मत आधीच सांगतो. पहिला खर्च लेन्सवर करावा, त्यानंतर चांगल्या स्थितीतला एफएम-२एन (एफएम-२ची सुधारित आवृत्ती) शोधावा, आणि शोधताना मॉडेलच्या नावापेक्षा समोर आलेल्या नगाच्या प्रकृतीला अधिक महत्त्व द्यावे. याची कारणे सविस्तर देतो.

डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर बॉडीमध्येच असतो, त्यामुळे बॉडी बदलली की चित्राचा दर्जा बदलतो. फिल्मच्या बाबतीत तसे होत नाही. चित्राची प्रत फिल्म, लेन्स, आपण दिलेला प्रकाश आणि फिल्म धुण्याची पद्धत यांवर ठरते. बॉडीचे काम म्हणजे नको असलेला प्रकाश आत येऊ न देणे, फिल्म सपाट आणि लेन्सपासून अचूक अंतरावर धरणे, ठरलेला वेळच शटर उघडे ठेवणे आणि छायाचित्रकाराला नीट पाहता व मोजता येईल अशी सोय करणे. निर्दोष एफएम-१० आणि निर्दोष एफ-३ यांवर एकच लेन्स, एकच फिल्म आणि एकच एक्स्पोजर (फिल्मला मिळणारा प्रकाश) वापरले, तर मिळणाऱ्या निगेटिव्हमध्ये फरक ओळखता येणार नाही. म्हणून बॉडी बदलण्यापूर्वी सध्याच्या बॉडीमुळे नेमके कोणते काम अडते, हे स्वतःला शब्दांत सांगता आले पाहिजे.

एफएम-१० विषयी पुष्कळदा उगीच तुच्छतेने बोलले जाते. १९९५ साली आलेला हा कॅमेरा कोसिना या कंपनीने निकॉनसाठी बनवला, आणि फोटोग्राफी शिकणाऱ्या अनेकांची सुरुवात त्यावरच झाली. त्याचे शटर यांत्रिक आहे, एका सेकंदापासून १/२००० पर्यंतचे सर्व वेग बॅटरीशिवाय चालतात आणि एआय प्रकारच्या जुन्या निकॉन लेन्स त्यावर मीटरसह (प्रकाशमापकासह) वापरता येतात. त्याच्या मर्यादाही खऱ्या आहेत. बाहेरचे आवरण प्लास्टिकचे आहे, फ्लॅश सिंक (फ्लॅशसोबत वापरता येणारा कमाल शटर वेग) १/१२५ इतकाच आहे, मोटर ड्राइव्ह (फिल्म आपोआप सरकवणारी मोटर) जोडता येत नाही, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये मीटरचे दिवे सोडून काहीच दिसत नाही. कोणता शटर वेग आणि कोणते ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश येण्याचे भोक) लावले आहे, हे पाहण्यासाठी कॅमेरा डोळ्यापासून दूर करावा लागतो. पालखी नाचवली जात असताना तेवढ्या वेळात हवा तो क्षण निघून जातो.

आता लेन्सविषयी. आपली झूम ७० मिमीच्या टोकाला एफ/४.८ इतकीच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके भोक मोठे). साधी ५० मिमी एफ/१.८ लेन्स त्याच्या सुमारे सातपट प्रकाश आत घेते. दशावताराच्या रंगमंचावर हा फरक निर्णायक ठरतो, कारण जिथे झूमवर १/१५ वेग लावावा लागतो तिथे ५० मिमी लेन्सवर १/१०० च्या आसपासचा वेग मिळतो आणि नटाचा हात हललेला येत नाही. व्ह्यूफाइंडरही स्पष्टपणे उजळ होतो आणि स्प्लिट इमेजचा (फोकस जुळवण्यासाठी मधोमध दिसणाऱ्या दुभंगलेल्या वर्तुळाचा) अर्धा भाग काळा पडण्याचा त्रास थांबतो. एफएम-१०चा व्ह्यूफाइंडर अंधारा आहे अशी तक्रार करणाऱ्या अनेकांची खरी तक्रार त्या झूमविषयी असते. मॅन्युअल फोकसची ५० मिमी एआय-एस किंवा सीरिज-ई (दोन्ही निकॉनच्याच जुन्या मालिका) लेन्स आधी घ्यावी आणि तिच्यासह दोन-तीन रोल काढून पाहावे. त्यानंतरही बॉडी बदलावी असे वाटले, तर ती गरज खरी आहे असे मी मानेन.

एफएम-२ १९८२ साली आला. १/४००० हा वेग त्यात पहिल्यापासून होता, पण सिंक १/२०० होता. तो १/२५० करून काही काळाने जी सुधारित आवृत्ती आली ती एफएम-२एन, आणि तिचे उत्पादन २००१ पर्यंत चालू राहिले. पाठीमागच्या अनुक्रमांकाआधी एन हे अक्षर असले तर ती सुधारित आवृत्ती समजावी. जुन्या आवृत्तीच्या डायलवर एक्स-२०० अशी वेगळी खूण असते. सुरुवातीच्या शटरच्या पात्या टायटेनियमच्या असून त्यांवर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते, तर १९८९ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या साध्या पात्या आल्या. टायटेनियमच्या नगाला संग्राहक अधिक भाव देतात. वापरणाऱ्याने त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही, कारण साध्या पात्यांचे नग वयाने लहान असतात आणि तितकेच विश्वासार्ह असतात.

आपल्या कामात यातून नेमके काय मिळेल? उन्हात ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) फिल्म असेल तर १/५०० ला एफ/१६ लागते. एफएम-१० वर १/२००० पर्यंत जाऊन ॲपर्चर एफ/८ पर्यंत उघडता येते, एफएम-२एन वर एफ/५.६ पर्यंत. म्हणजे लाभ एका स्टॉपचाच (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याइतकाच) आहे. भर दुपारी टोपीखालच्या चेहऱ्यावर फ्लॅश टाकताना १/१२५ ऐवजी १/२५० सिंक मिळाल्याने ॲपर्चर एक स्टॉप उघडता येते आणि फ्लॅशची पोहोच सुमारे १.४ पट होते. हे फायदे उपयोगी आहेत, पण केवळ त्यांसाठी मी बॉडी बदलणार नाही. बदलेन ते व्ह्यूफाइंडरमध्ये शटर वेग आणि ॲपर्चर दोन्ही दिसतात म्हणून, धातूची बांधणी गर्दीतले धक्के सोसते म्हणून आणि फोकसिंग स्क्रीन बदलता येते म्हणून. यातही यांत्रिक शटर बॅटरीशिवाय सर्व वेगांवर चालते, त्यामुळे दूरच्या गावात बॅटरी संपली तर केवळ मीटर बंद पडतो, छायाचित्रण थांबत नाही.

एफई-२ (१९८३) हा त्याचाच इलेक्ट्रॉनिक भाऊ आहे. शटरचा कमाल वेग आणि सिंक तेच, शिवाय ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर आपण लावायचे, वेग कॅमेरा ठरवतो) आणि टीटीएल फ्लॅश (लेन्समधून आलेला प्रकाश मोजून फ्लॅश आवरण्याची सोय). दिवसा वापरायला मला त्याची सुई एफएम-२ च्या दिव्यांपेक्षा अधिक आवडते, कारण प्रकाश किती स्टॉपने वरखाली आहे हे सुई एका नजरेत दाखवते, तर दिवे केवळ कमी, बरोबर की जास्त एवढेच सांगतात. रात्री मात्र परिस्थिती उलटी होते. काळ्या पार्श्वभूमीवर काळी सुई दिसतच नाही, आणि एफएम-२ चे लाल दिवे स्वतःच प्रकाशतात. दशावताराचा बहुतेक प्रयोग रात्रीच रंगत असल्याने आपल्यासाठी हा मुद्दा कागदावरच्या वैशिष्ट्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. बॅटरी संपल्यावर एफई-२ वर एम-२५० हा एक यांत्रिक वेग आणि बल्ब (बटण दाबून ठेवेपर्यंत शटर उघडे) एवढेच उरते. त्यातला इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला तर दुसऱ्या मृत कॅमेऱ्यातून सुटा भाग काढण्यावाचून सहसा मार्ग नसतो.

एफ-३ विषयी विचार करण्यामागे आपला चष्मा हे मोठे कारण असावे, आणि ते रास्त आहे. एफएम मालिकेच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चष्म्यासह चारही कोपरे एकदम दिसत नाहीत, डोळा थोडा सरकवावा लागतो. एफ-३ चे एचपी हे व्ह्यूफाइंडर डोळा सुमारे २५ मिमी दूर असतानाही पूर्ण चौकट दाखवते, आणि ती चौकट १०० टक्के असते. त्याचा मीटर ८० टक्के भर मधल्या वर्तुळावर देतो, एफएम-२ चा ६० टक्के. रंगमंचावर उजेडात उभा असलेला नट आणि मागे काळोख, अशा दृश्यात साधा मीटर काळोखाला भुलून एक्स्पोजर वाढवतो व चेहरा पांढरा पडतो. एफ-३ च्या मोजमापात ही चूक कमी होते. मात्र त्याच्या व्ह्यूफाइंडरमधला एलसीडी पडदा अंधारात वाचण्यासाठी बाजूचे चिमुकले बटण दाबावे लागते आणि तो दिवाही क्षीण आहे. सिंक केवळ १/८० आहे आणि फ्लॅश नेहमीच्या शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) न बसता रिवाइंडच्या खुंटीभोवतीच्या वेगळ्या जागी बसतो. फ्लॅश वापरत नसाल आणि एफएम-२एन डोळ्याला लावून पाहिल्यावर चष्म्यामुळे खरोखर अडचण होत असेल, तर एफ-३ एचपी घ्यावा. अन्यथा नाही. एफएम-२ डोळ्याला लावून पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाइंड लीव्हर (फिल्म पुढे सरकवण्याचा दांडा) थोडा बाहेर ओढल्याशिवाय शटर सुटत नाही, आणि डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांच्या कपाळाला किंवा चष्म्याला तो टोचतो.

एफ-१०० ही आपल्या यादीतील सर्वांत सक्षम बॉडी आहे. १/८००० वेग, जलद ऑटोफोकस आणि उत्तम मीटर तिच्यात आहे. भावाच्या लेन्समुळे तिचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण आधी त्या लेन्सची नावे नीट वाचावीत. डीएक्स लिहिलेली लेन्स लहान सेन्सरसाठी असते, त्यामुळे ३५ मिमी फिल्मवर तिचे कोपरे काळे येतात. जी प्रकारच्या लेन्स एफ-१०० वर पूर्णपणे चालतात, पण त्यांना ॲपर्चर रिंग नसल्यामुळे एफएम-२, एफई-२ आणि एफ-३ वर त्या निरुपयोगी ठरतात. नव्या ई प्रकारच्या लेन्सचे (वर सांगितलेली जुनी सीरिज-ई वेगळी) ॲपर्चर फिल्म कॅमेऱ्यावर बंदच होत नाही, आणि एएफ-पी लेन्स फोकस करत नाहीत. भावाकडे पूर्ण चौकटीच्या दोन-तीन चांगल्या जी लेन्स असतील, तर माझे उत्तर बदलेल आणि मी एफ-१०० च सुचवेन. ती बॉडी घेताना मागचे दार बंद करणारी प्लास्टिकची कडी शाबूत आहे का हे पाहावे, कारण ती तुटण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. रबराचे आवरण चिकट झालेले असले तर ते साफ करता येते, पण इलेक्ट्रॉनिक बिघाडावर इलाज मिळणे अवघड आहे.

आता समोर आलेला नग पारखण्याविषयी, कारण चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रात खरा फरक इथे पडतो. दूरवरून मागवत असाल तर विक्रेत्याला सांगावे की कॅमेरा काही दिवस न वापरता ठेवा आणि मग पहिल्याच दाबाचा व्हिडिओ पाठवा. वंगण घट्ट झालेले शटर पहिल्या दोन-तीन वेळा अडखळते आणि दहा-बारा वेळा चालवल्यावर मोकळे होते, त्यामुळे दुकानात आधीच चालवून ठेवलेला कॅमेरा निरोगी भासतो. नंतर सर्वांत संथ वेगापासून पुढे जावे. एका सेकंदाच्या वेगावर आतल्या गतिनियंत्रकाची घरघर अखंड आणि एकसारखी ऐकू आली पाहिजे. मध्ये थबकत असेल तर सर्व्हिसिंग अटळ आहे. मधले वेग तपासायला फोनचा स्लो मोशन व्हिडिओ पुरतो. सेकंदाला २४० चौकटी घेणाऱ्या व्हिडिओत १/३० वर शटर सुमारे आठ चौकटींत उघडे दिसले पाहिजे, १/६० वर चार.

वरच्या वेगांसाठी लेन्स काढून, मागचे दार उघडून, कॅमेरा एकसारख्या उजळ भिंतीकडे धरावा आणि मागून पाहत शटर सोडावे. चौकटीचा एखादा भाग काळा राहत असेल तर पात्यांची गती जुळत नाही. येथे थोडा विवेक हवा. एफएम-२एन च्या पात्या २४ मिमीचे अंतर सुमारे ३.३ मिलिसेकंदांत कापतात, म्हणजे १/४००० वर दोन मिलिमीटरहूनही अरुंद फट फिल्मवरून सरकते. त्या फटीत किंचित फरक पडला तरी अर्धा स्टॉप इकडेतिकडे होतो. या वयाच्या कॅमेऱ्यात वरच्या टोकाला तेवढी चूक मी दोष मानत नाही, कारण कृष्णधवल निगेटिव्ह ती सहज सामावून घेते. चौकटीच्या वरच्या आणि खालच्या भागात असमानता दिसली तर मात्र तो नग परत करावा. पाती पाहताना तिला बोट कधीही लावू नये, आणि तिच्यावर तेलाचे ओघळ किंवा मुडपल्याची खूण आहे का हे तिरप्या उजेडात पाहावे.

मीटरची परीक्षा एका प्रकाशात घेऊन भागत नाही. भर उन्हातली भिंत, खोलीतली भिंत आणि संध्याकाळचा मंद उजेड अशा तीन ठिकाणी विश्वासू मीटरशी किंवा फोनवरच्या मीटरशी तुलना करावी. तिन्ही ठिकाणी एकसारखाच, समजा दोन-तृतीयांश स्टॉपचा फरक असेल, तर आयएसओ डायल सरकवून काम चालते. उजेडात बरोबर आणि मंद प्रकाशात चूक असे असेल, तर दोष खरा आहे. ॲपर्चर रिंग सावकाश फिरवताना दिवे किंवा सुई मध्येच उडी मारत असतील, तर आतली रोधपट्टी झिजली आहे असे समजावे.

मागच्या दाराच्या खाचांतला काळा फोम आणि आरशासमोरची फोमची पट्टी यांचे वयानुसार चिकट डांबर होते. हे बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत आढळते आणि बदलून घेणे स्वस्त आहे, म्हणून त्यावरून नग नाकारू नये. त्याचे कण पात्यांवर किंवा आरशावर चिकटले नाहीत एवढे पाहावे. बॅटरीच्या कप्प्यातल्या हिरव्या-पांढऱ्या क्षारांकडे मी अधिक गांभीर्याने पाहतो, कारण गळती तारेपर्यंत पोहोचलेली असू शकते. वरच्या पत्र्यावर, विशेषतः प्रिझमच्या (व्ह्यूफाइंडरवरच्या त्रिकोणी उंचवट्याच्या) टोकावर खड्डा असेल तर कॅमेरा पडला आहे. अशा वेळी दूरच्या खांबावर लेन्स अनंतावर लावून स्प्लिट इमेज जुळते का हे अवश्य तपासावे. रंग उडून आतले पितळ दिसणे निरुपद्रवी आहे. तळाच्या स्क्रूंच्या खाचा कुरतडलेल्या असतील, तर अनभिज्ञ हाताने तो उघडला आहे, आणि तशा नगापासून मी दूर राहतो. फिल्म सरकवण्याची यंत्रणा पाहायची असेल तर एखादा वाया गेलेला रोल भरावा, दार उघडे ठेवून प्रत्येक वाइंडनंतर चौकटीच्या कडा पेन्सिलने फिल्मवर आखाव्यात आणि मग सलग अंतर समान आहे का ते पाहावे.

खरेदी कुठून करावी याबाबत मी थोडक्यातच सांगतो. मुंबईत फोर्ट भागातल्या कॅमेरा दुकानांत प्रत्यक्ष हाताळून घेणे सर्वांत चांगले. जपानमधून मागवल्यास वर्णने सहसा बारकाईने लिहिलेली असतात, पण सीमाशुल्क आणि परत पाठवण्याचा खर्च आधीच धरावा. न तपासलेला असे लिहिलेला कॅमेरा बंद आहे असेच मानून त्याची किंमत ठरवावी. ठरवलेल्या रकमेपैकी सुमारे एक चतुर्थांश सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवावी, आणि यांत्रिक शटर उघडून स्वच्छ करणारा जाणकार आपल्या जिल्ह्यात किंवा जवळच्या शहरात आहे का, याची चौकशी खरेदीच्या आधीच करावी.

कोकणात राहणाऱ्याला बुरशीबद्दल निष्काळजी राहून चालत नाही. प्रिझममधले बुरशीचे धागे चित्रात उमटत नाहीत, परंतु कॅमेरा कशा हवेत राहिला याची ती साक्ष असते, आणि त्यासोबत आलेल्या लेन्सकडे संशयाने पाहावे लागते. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये किंवा कपाटातल्या बंद पिशवीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी, आणि जेल वेळोवेळी तापवून कोरडे करावे. शिमग्याहून परत आल्यावर गुलाल मऊ ब्रशने झटकून काढावा. फुंकर मारू नये, कारण तोंडातली ओल आणि भुकटी दोन्ही आत जातात.

शेवटची सूचना एफएम-१० विषयी. तो विकून मिळणारी रक्कम किरकोळ असेल, म्हणून तो जवळच ठेवावा. जत्रेच्या दिवशी एका बॉडीत दिवसासाठी १०० आयएसओची आणि दुसरीत रात्रीच्या प्रयोगासाठी ४०० ची, पुश करायची (जास्त आयएसओची मानून काढायची आणि जास्त वेळ धुवायची) फिल्म भरता येते. दोन्हीवर त्याच लेन्स चालतात, म्हणून जोडीला काही नवे विकत घ्यावे लागत नाही, आणि अर्धा रोल काढून बदलण्याची वेळही येत नाही. नवा नग आल्यावर त्याच्या पहिल्या रोलवर प्रत्येक शटर वेगाने एकेक चौकट, त्याच भिंतीची, समान एक्स्पोजर राहील अशा ॲपर्चर बदलासह काढावी, तो रोल परतीची मुदत संपण्याच्या आत धुऊन घ्यावा, आणि निगेटिव्हची घनता एकसारखी आली तरच तो कॅमेरा शिमग्याला न्यावा.